शून्य नसलेली वाऱ्याची वही

माझ्या वहिनीची रोपवाटिका सायखेड्याजवळच्या आमच्या मळ्यात आहे. हिरव्या जाळीखाली टोमॅटो, मिरची, कोबी आणि झेंडूची रोपं ट्रेमध्ये वाढतात. उन्हाळ्यात त्यांना दिवसातून तीनदा पाणी लागतं: अकराला, दोनला आणि पाचला. शेतीपंपाची वीज मात्र एक आठवडा दिवसा येते आणि एक आठवडा रात्री. रोपांना हे वेळापत्रक समजावून सांगता येत नाही. रात्री टाकी भरून ठेवता येते, पण टाकीतलं पाणी फवाऱ्यातून धुक्यासारखं उडवायला दाब लागतो, दाबासाठी छोटी मोटार लागते आणि मोटारीला वीज लागते. रात्रीच्या आठवड्यात दिवसभर दिवे-पंख्यापुरतीच वीज असते. तिच्यावर मोटार लावली की ती कण्हते आणि गरम होऊन थांबते.

गेल्याच्या गेल्या चैत्रात अशा एका आठवड्यात वहिनीचे टोमॅटोचे ट्रे दोन दिवसांत गेले. तिने ते ओळीने बांधावर उपडे केले, धुतले, वाळवले आणि एकात एक घालून ठेवले. मग दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, तिने सांगितलं की पुढच्या उन्हाळ्याआधी दिवसाच्या पाण्याची सोय झाली नाही तर ती जाळी उतरवणार आणि रोपांचा धंदा बंद करणार. वहिनी एखादी गोष्ट एकदाच सांगते.

दादा त्याच महिन्यात नाशिकला एक कृषी प्रदर्शन बघून आला आणि येताना छोट्या पवनचक्कीचं माहितीपत्रक घेऊन आला. दुसऱ्या दिवशी मला फोन. मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. तिथे प्रत्येक वस्तूला कप्पा आहे, प्रत्येक कप्प्याला नंबर आहे आणि नंबर नसलेली वस्तू माझ्या मते अजून आलेलीच नाही. घरात लग्न असो, ऑपरेशन असो की घराचं बांधकाम, यादी करायची वेळ आली की माझी आठवण होते. यादीचा कंटाळा आला की दादा मला यादीबाई म्हणतो.

मी पहिलंच विचारलं की सौर का नाही. तो म्हणाला, "सौर वस्तीवर चौघांकडं हाय. आपण पाचवे कशाला? आणि ऊन फक्त दिवसा. वारा कसा, चोवीस तास."

यावर रोपांना पाणी कधी लागतं हे मी विचारायला हवं होतं. पण मला वाऱ्याबद्दल बोलावलं होतं, आणि जे विचारलंय त्याचीच यादी करायची हा माझा नियम आहे. नियम चुकीचा आहे हे पुढे दहा महिन्यांनी कळलं.

मी दोन आठवडे वाचन केलं. जे समजलं ते फार अवघड नव्हतं. ऊन सगळीकडे सारखं पडतं, पण जमीन सगळीकडे सारखी तापत नाही. खडक, पाणी, झाडी, नांगरलेलं रान यांची तापायची चाल वेगळी. तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी बाजूची थंड हवा सरकते, आणि ही सरकणारी हवा म्हणजे वारा. तेव्हा वारा हीसुद्धा उन्हाचीच कमाई, फक्त लांबच्या वाटेने आलेली. पात्याला हा वारा तिरका लागतो आणि पातं बाजूला ढकललं जातं. पाती एका दांड्याला बसवलेली असतात, दांडा फिरतो, दांड्याच्या टोकाला जनित्र असतं.

जनित्राचं आमच्या घरात वेगळं वाचन लागत नाही. आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, ते चौतीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, त्यातली बरीच वर्षं नियंत्रण कक्षात. आता एकोणऐंशीचे आहेत आणि मळ्यात दादाकडेच राहतात. त्यांनी जेवताना ताटाकडे बघतच समजावलं. एका बाजूला चुंबक, दुसऱ्या बाजूला तांब्याच्या तारांची वेटोळी. एक दुसऱ्यासमोर फिरलं की तारेत वीज येते. फिरवायचं कोणी एवढाच प्रश्न. एकलहऱ्याला कोळसा पाण्याची वाफ करतो आणि वाफ दांडा फिरवते. धरणावर पाणी फिरवतं. पवनचक्कीत वारा फिरवतो. "दांड्याला काय," नाना म्हणाले, "फिरवणारा लागतो. फक्त वाऱ्याला ड्यूटी लावता येत नाही." मग त्यांनी वहिनीकडे आणखी थोडी आमटी मागितली.

माझ्या यादीत तीन गोष्टी खाली रेघ मारून लिहिलेल्या होत्या. पहिली: पात्यांची लांबी दुप्पट केली तर ती चौपट जागेतला वारा पकडतात. दुसरी: जमिनीलगत झाडं, घरं, बांध वाऱ्याला अडवतात, म्हणून जितकं उंच जावं तितका वारा चांगला. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची होती: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वीज दुप्पट होत नाही, आठपट होते. यात शोधण्यासारखं काही नाही. वेग दुप्पट झाला की दर मिनिटाला पात्यांतून दुप्पट हवा जाते, आणि त्या हवेच्या प्रत्येक किलोत चौपट जोर असतो. दोन गुणिले चार.

मी हे दादाला सांगितलं तेव्हा तो कांद्याच्या चाळीला टेकून उभा होता. पहिल्या दोन गोष्टी त्याने ऐकल्या. तिसरी त्याने पाठ केली. पुढच्या दहा महिन्यांत घरी जो येईल त्याला, म्हणजे दूधवाला, औषधाचा दुकानदार, भाचीच्या सासरचे, सगळ्यांना त्याने हे सांगितलं. "दुप्पट वारा, आठपट वीज." वारा निम्मा झाला तर वीज आठवा हिस्सा राहते, हीच गोष्ट उलट्या बाजूने, मी त्यालाच सांगितली होती. ती त्याने कोणाला सांगितल्याचं ऐकलं नाही.

मी एक अट घातली. चक्की घेण्याआधी वारा मोजायचा. पवनचक्की ज्या जागी उभी राहणार तिथला वारा माहीत नसताना ती घेणं म्हणजे विहीर न बघता पंप घेणं. दादाला घाई होती, पण उन्हाळा संपत आला होता आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वेळ होता. मी वारा मोजायचं यंत्र मागवलं. बांबूच्या टोकाला चार लहान वाट्या फिरतात आणि खाली डबीवर वेग दिसतो, सेकंदाला किती मीटर. मी वही आखून दिली. तारीख, वेळ, वेग, दिशा, शेरा. नोंदीच्या वेळा मुद्दाम अकरा, दोन आणि पाच ठेवल्या, कारण पाणी तेव्हाच लागतं. याचा मला बराच काळ अभिमान होता.

नोंदी घ्यायचं काम नानांनी स्वतः मागून घेतलं. बांबू कुठे रोवायचा हेही त्यांनीच ठरवलं. जुन्या खळ्यावर. पूर्वी बाजरी आणि गहू तिथे उफणायचे, आणि खळं नेहमी वारा लागेल अशाच जागी करतात. हे बरोबर होतं. फक्त खळ्याच्या पश्चिमेला, रोपवाटिकेच्या पलीकडे, आता सुरूच्या झाडांची एक रांग आहे. एकवीस झाडं, चाळीसेक फूट उंच. आपल्याकडे वारा वर्षातला बहुतेक काळ पश्चिमेकडून येतो. तो थेट जाळीवर येऊ नये म्हणून वहिनीनेच ती लावली होती. त्याआधी एका जूनमध्ये तिची जाळी खांबांसकट उडून शेजाऱ्याच्या कोथिंबिरीत पडली होती.

नानांनी दहा महिने एकही खाडा केला नाही. पावसात ते छत्री घेऊन जात. नातवाच्या साखरपुड्याच्या दिवशी पाहुणे जेवायला बसलेले असताना दोनची नोंद घेऊन आले. दर रविवारी वहिनी त्या आठवड्याच्या पानाचा फोटो मला मोबाइलवर पाठवायची आणि मी तो बघून 'ठीक' असं उत्तर द्यायचे. नानांचं अक्षर सुरेख आहे, एका रेषेत, खाडाखोड नाही. नऊशेच्या वर नोंदी झाल्या. फेब्रुवारीत मी सरासरी काढली आणि ती चांगली आली. म्हणजे साक्रीच्या पठारावर मोठ्या पवनचक्क्या उभ्या आहेत तिथल्यासारखी नव्हे, पण लहान चक्की फिरेल अशी.

सरासरी ऐकून दादाने दोन निर्णय एका दिवसात घेतले. चक्की घ्यायची, आणि सुरूची झाडं तोडायची. त्याचा हिशेब असा, की झाडांच्या आड राहूनही एवढा वारा येतो, तर झाडं काढल्यावर दुप्पट येईल, आणि दुप्पट वारा म्हणजे काय हे त्याला पाठ होतं. झाडं तोडणाऱ्याला त्याने मार्चमधल्या एका रविवारी दुपारी एकला बोलावलं.

हे मला वहिनीने शुक्रवारी फोनवर सांगितलं. आधी तिने माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

"ताई, वीज आणायची ती माझ्या रोपांसाठी," ती म्हणाली, "आणि ती आणायला जाळीपुढची झाडं काढायची. मंग जूनमध्ये जाळी गेली म्हंजे वीज कशाला लावू? मी यांना म्हणले. तर म्हणत्यात, यादीबाईनं मोजून दिलंय."

मोजून मी दिलं होतं हे खरं होतं. मी म्हटलं, बघते.

शनिवारी सुट्टी होती. वहीच्या सगळ्या पानांचे फोटो समोर ठेवून मी एक एक आकडा संगणकात भरला. दुपार त्यातच गेली. मग स्टोअरमध्ये दर महिनाअखेर करते तेच केलं, सगळे आकडे चढत्या क्रमाने लावले. स्टोअरमध्ये त्यामुळे संपत आलेला माल सगळ्यांत वर येतो. इथे सगळ्यांत वर दोन पूर्णांक एक आलं. त्याच्यावर काही नव्हतं. एकही शून्य नव्हतं.

मी नाशिकला राहते आणि ऑक्टोबरमध्ये माझ्या गॅलरीतले कपडे दोरीवर दिवसभर सरळ लोंबत असतात. सायखेडा तिथून तासाभराच्या आत आहे. नऊशे नोंदींत एकदाही वारा पडला नाही असं होणार नाही. यंत्र बिघडलं असावं असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तसं असावं अशी माझी इच्छा होती.

रविवारी साडेनऊला मी मळ्यात पोचले आणि कोणाला काही बोलले नाही. अकराला पाच कमी असताना नाना टोपी घालून वही घेऊन निघाले. मीही मागे गेले. खळ्यावर वाट्या थांबलेल्या होत्या. डबीवर शून्य होतं.

"नाना, शून्य आहे."

"थांब."

त्यांनी डबीवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. मीही उभी राहिले. जाळीखाली वहिनी रोपांवर झारीने पाणी घालत होती, त्या आठवड्यात वीज रात्रीची होती. चौदा मिनिटांनी झाडांमधून एक झुळूक आली, वाट्या हलल्या, डबीवर दोन पूर्णांक सात दिसलं. नानांनी वही उघडली आणि वेळेच्या रकान्यात अकरा, वेगाच्या रकान्यात दोन पूर्णांक सात असं सुरेख अक्षरात लिहिलं.

"तुम्ही शून्य का नाही लिहिलं?"

"शून्य कसं लिहिणार? यंत्र चालू आहे." त्यांना प्रश्नच समजला नव्हता. "चालू यंत्रावर शून्य दिसलं म्हणजे काटा अडकलाय. ठोकायचं, थांबायचं, हलला की लिहायचं. शून्य लिहायचं म्हणजे जनित्राचा संच बंद पडला. मग लगेच फोन येतो."

"इथे कोणाचा फोन येणार?"

"तुझा," नाना म्हणाले. "दर रविवारी तपासतेस ना."

मी त्यांना विचारलं की असं थांबायला रोज लागायचं का. रोज नाही, ते म्हणाले. पावसाळ्यात थांबायला लागायचंच नाही. दिवाळीनंतर मात्र एकदा चाळीस मिनिटं लागली होती, तेव्हा त्यांनी खुर्ची नेली होती.

तिथेच मी त्यांना सांगितलं. एकलहऱ्याला वाफ बंद पडणं हा बिघाड आहे, पण वारा बंद पडणं हा बिघाड नाही, ती माहिती आहे. आपल्याला तीच हवी होती. चूक माझ्या आखणीतही होती. पाच रकाने केले, पण वारा नसेल तर काय लिहायचं ते कुठेच सांगितलं नव्हतं, कारण ते सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. नानांनी सगळं ऐकलं. मग पेनाचं टोपण लावलं.

"म्हणजे ही वही रद्द."

मी म्हटलं, अगदी रद्द असं नाही, जोराच्या झुळका किती येतात ते तरी कळतं.

"समजूत घालू नकोस. रद्द आहे का नाही?"

"रद्द," मी म्हटलं.

घरी येऊन त्यांनी लाल पेनने मुखपृष्ठावर तिरपं 'रद्द' लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. मग कपाटातून दुसरी वही काढली आणि त्याच आखणीचं एक पान तयार करायला बसले. माझ्याशी त्या दिवशी कामापुरतंच बोलले.

दादाला सांगणं तुलनेने सोपं होतं, कारण त्याला पटलंच नाही. तो म्हणाला, शून्य येतंय ते झाडांमुळेच. वारा अडतोय, म्हणून तर झाडं काढायची. आणि हे खोडून काढण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. खळं झाडांच्या आडोशाला आहे. आडोशातली वही बरोबर असो की चूक, झाडं नसताना काय होईल ते ती सांगणार नव्हती. साडेअकरा होऊन गेले होते, एकला माणूस येणार होता.

वहिनी तोवर हात धुऊन ओट्यावर आली होती. ती म्हणाली, "माळ्यावर संक्रांतीचे पतंग पडलेत. झाडांच्या पल्याड गव्हाचं रान मोकळं झालंय, तिथं वाऱ्याला आडवं काही नाय. आत्ता पतंग उडवा. उडला तर कोणतं झाड आधी पाडायचं ते मी दाखवते."

दादाने तिच्याकडे बघितलं. तिने नजर हलवली नाही.

तिचा हा उपाय माझ्या यंत्रापेक्षा बरा होता. पतंग जमिनीलगतच्या आडोशाच्या वर जातो, आणि वर किती वारा आहे ते लपवत नाही. दोऱ्याला चाळीस फुटांवर मी लाल कापडाची चिंधी बांधली, म्हणजे झाडांच्या शेंड्याची उंची कळावी. नाना मनगटावरचं घड्याळ आणि नवी वही घेऊन बांधावर बसले.

बाराला दादा पतंग घेऊन धावला. तो छप्पन्न वर्षांचा आहे आणि गव्हाचं धसकट पायाला लागतं. तो धावत होता तोवर पतंग त्याच्या मागे डोक्याच्या उंचीवर येत होता, थांबला की खाली बसत होता. असं चार वेळा झालं. नानांनी वेळ लिहिली आणि पुढे स्पष्ट 'शून्य' लिहिलं, पेन न थांबवता.

साडेबाराला पुन्हा शून्य. एकला झाडं तोडणारा त्याच्या माणसासह, करवत आणि दोरखंड घेऊन आला. त्याने रानात पतंग घेऊन पळणाऱ्या मालकाकडे बघितलं आणि आम्हाला विचारलं की यांना काय झालं. वहिनीने त्याला चहा दिला.

"कोणतं आधी घेऊ?" त्याने दादाला ओरडून विचारलं.

"थांबा जरा. वारा येऊ द्या."

"झाड पाडायला वारा नसलेलाच बरा असतो, दादा," तो म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

दोनला पतंग चिंधी जमिनीवरून उचलेल इतका चढला आणि गिरकी घेऊन पडला. नानांनी 'शून्य' न लिहिता 'अपुरा' लिहिलं. हा शब्द मी त्यांना दिला नव्हता, पण बरोबर होता. प्रत्येक पवनचक्कीला एक किमान वेग लागतो, त्याच्या खाली पाती हलली तरी वीज होत नाही. डुलणारी पाती दिसायला छान असतात, एवढंच.

पावणेचारला डोंगराकडून वारा आला. उन्हाळ्यात बहुतेक दिवशी येतो, तापलेलं रान हवा वर सोडतं आणि पश्चिमेची हवा आत शिरते. पतंग दादाच्या हातून सुटल्यासारखा वर गेला, लाल चिंधी शेंड्यांच्या बरोबरीने गेली आणि त्यांच्याही वर गेली. दोरा ताणला. दादा पाय रोवून उभा राहिला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा इतका खूश होता की मला थोडा वेळ दुसरीकडे बघावं लागलं.

"आला का नाय?" तो म्हणाला. "बघा. कसला वारा हाय वर. हा काय थोडा हाय?"

वहिनी जाळीतून बाहेर आली होती. "लय हाय," ती म्हणाली. "माझी रोपं अकरालाच मान टाकत्यात."

दादा पतंगाकडेच बघत होता. थोड्या वेळाने त्याने मला विचारलं की संध्याकाळची वीज बॅटरीत भरून सकाळी वापरली तर? प्रश्न योग्य होता. मी म्हटलं, होईल. पण तासाभराचा वारा दिवसभराच्या कामाला पुरवायचा तर पाती मोठी लागतील, झाडांच्या बऱ्याच वर मनोरा न्यावा लागेल, त्याला ताण द्यायला चारी बाजूंनी तारा रानात येतील, आणि दिवाळी ते मार्च ज्या दिवशी वाराच नाही त्या दिवशी बॅटरीत भरायला काही नसेल. मोठ्या पवनचक्क्या पठारावर चालतात, कारण तिथे वारा आहे आणि त्यांची वीज मोठ्या तारांमध्ये जाते. तिथून ती कुठेही वापरली जाते, आणि इथला वारा पडला तर दुसरीकडचं ऊन, पाणी, कोळसा भरून काढतं. आपल्याला एकाच जागी, ठरल्या वेळी हवी आहे.

"म्हंजे वारा बेकार."

"वारा चांगला आहे. त्याची वेळ आपली नाही."

झाडं तोडणाऱ्याने करवत खांद्यावर घेतली आणि सरळ विचारलं, पाडायची का नाही, त्याला आणखी एके ठिकाणी जायचं होतं. दादाने दोरा हळूहळू आवरला. पतंग खाली यायला बराच वेळ लागला, कारण वारा खरंच चांगला होता. मग तो म्हणाला, "पाडायची नाय. आलायच तर खालच्या वाळक्या फांद्या काढून जा." आणि वहिनीकडे न बघता तो घरात हातपाय धुवायला गेला. वहिनी मात्र शेवटची फांदी पडेपर्यंत तिथे उभी राहिली. कोणती फांदी वाळकी आणि कोणती नाही ते ती प्रत्येक वेळी बोट करून दाखवत होती.

पुढच्या आठवड्यात मी दुसरी यादी केली. तिची सुरुवात वाऱ्यापासून नव्हती, अकरा वाजल्यापासून होती. त्या वेळी मळ्यात काय हमखास हजर असतं? उत्तर डोक्यावर होतं. ऊन वाढलं की रोपांना तहान लागते आणि ऊन वाढलं की पत्र्यावर बसवलेल्या सौर पट्ट्या जास्त वीज देतात. यात कोणाची हुशारी नाही, दोन वेळा जुळतात इतकंच. दादाने पहिल्या दिवशी नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी जागा मोजायला टेप घेऊन पत्र्यावर चढला. नानांनी नव्या वहीत एप्रिलभर उन्हाच्या नोंदी घेतल्या, ढगाळ दिवसासकट. ढगाळ दिवस एकच होता आणि त्यांनी तो लिहिला.

वैशाखातल्या एका रविवारी मी अकराच्या सुमारास जाळीत होते. त्या आठवड्यातही वीज रात्रीची होती. टोमॅटोची रोपं वीतभर झाली होती, मंगळवारी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं. वहिनीने खांबावरचं बटण दाबलं. मोटार कण्हली नाही. फवाऱ्यांनी आधी थोडी हवा सोडली, मग ओळीने पाणी. जाळीपलीकडे सुरूची रांग उभी होती, एक काडी हलत नव्हती, त्यामुळे धुकं जिथे हवं तिथेच उतरत होतं. मी जवळ जाऊन फवारा बघायला लागले.

वहिनी ट्रेंकडे बघत होती, कोपऱ्यापर्यंत पाणी पोचतंय का ते.

"ताई, मागं सरका," ती म्हणाली. "तिकडच्या वळीवर पाणी जात नाय."

मी मागे सरकले.